दशरथचे कुलूप

सिल्व्हर पार्क, मिरा रोड (पूर्व)
रविवार, दि. २८ मे २००६

मी, बाबाजी धोंडू गोताड, वय वर्षे पंचाहत्तर, शिक्षण मराठी चौथी पास, निवृत्त स्विच अटेंडंट, लोखंडाच्या खाणीत सलग तेहतीस वर्षे नोकरी, त्या काळात एकही लेखी ताकीद नाही, सध्या राहणार वरील ठिकाणी मुलाच्या नावावर असलेल्या घरात, माझा मुलगा सुभाष बाबाजी गोताड, विद्युत पर्यवेक्षक, बॉक्साइट खाण, यास पुढीलप्रमाणे लिहून कळवितो.

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तो अनवधानाने राहिलेला नाही.

काल दुपारी तुझ्या हाताखालच्या दशरथ रेवाळेची पत्नी मंदा येथे आली होती. दशरथला इस्पितळातून सोडले असून ती दोघे सध्या भाईंदरला, इंद्रलोकमध्ये, तिच्या भावाच्या घरी उतरली आहेत. कृत्रिम हाताचे माप देण्यासाठी त्यांना मुंबईत थांबणे भाग आहे. मंदाने कंपनीची नोटीस आणली होती. ती इंग्रजीत असल्यामुळे तुझ्या पत्नीने, नीलिमाने, वाचून मराठीत सांगितली.

नोटिशीत असे लिहिले आहे की, दि. १७ मार्च रोजी दशरथ रेवाळे याने, दुरुस्तीच्या वेळी वीज चालू होऊ नये म्हणून क्रशरच्या स्विचला लावलेले स्वतःचे कुलूप स्वतःच काढले, पर्यवेक्षकास न कळविता तो पुन्हा मोटारीजवळ गेला, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाने भाजला. सबब त्यास कामावरून का काढू नये. आधार म्हणून पर्यवेक्षक सु. बा. गोताड यांचा लेखी जबाब जोडला आहे. सुनावणी शुक्रवार, दि. २३ जून रोजी आहे.

मंदा म्हणाली, "काका, हात गेला त्याला मी कोणाला काय बोलले नाय. खाणीत काम करायचं म्हणजे कधीतरी असं होतं. पण कुलूप ह्यांनी काढलं नाय. ह्यांच्यावर हा ठपका बसला तर उद्या कुठल्या खाणीच्या फाटकावर वॉचमन म्हणूनसुद्धा कोण उभा करणार नाय."

तिने पिशवीतून दशरथची चावी काढली. चावीला लाल दोरा होता. इस्पितळात कपडे कापून काढले तेव्हा खिशातून मिळाली, असे ती म्हणाली.

नंतर तिने मला विचारले, "तुम्ही त्या दिवशी तिथंच होतात ना?"

मी सांगितले की, मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो.

"मग?"

तेवढ्यात नीलिमाने सरबत आणले.

सुभाष, आता मी तुला विचारतो. तुला सरकारचा परवाना कशासाठी दिला आहे? पंखे आणि दिवे चालू आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी नव्हे. ज्याच्या हाती खाणीची वीज सोपविलेली असते, त्याच्या हाती त्या विजेपुढे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाचा जीव सोपविलेला असतो. त्याने रोज अर्थिंग पाहावे, केबल पाहावी, लॉगबुकात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलेच लिहावे. आणि कामावर गेलेला माणूस परत आलेला स्वतः पाहिल्याखेरीज हँडलला हात लावू नये. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. मला तेवढे वाचता येत नव्हते. मी ते केलेले आहे.

आमच्या खाणीत कुलुपे नव्हती. पितळी बिल्ले होते. लाइनवर जाणाऱ्याने आपल्या नंबराचा बिल्ला स्वतःच्या हाताने स्विचच्या हँडलला अडकवायचा आणि परत आल्यावर स्वतःच्याच हाताने काढायचा. सख्ख्या भावाने मागितला तरी द्यायचा नाही, अशी रीत होती. सन १९७१ मध्ये पाळी सुटल्यावर एक बिल्ला हँडललाच राहिला. माणूस घरी गेला असे सगळे म्हणत होते. हजेरीतही तसेच होते. मी हँडल उचलले नाही. त्याच्या वाडीवर सायकलने माणूस पाठविला. खाण सव्वा तास बंद राहिली. साहेब माझ्या अंगावर ओरडले, "बाबाजी, तू कोण लागून गेलास?" मी म्हटले, "साहेब, मी या हँडलचा माणूस आहे." तो मनुष्य जेवणाच्या ताटावरून उठून आला, बिल्ला काढला, मला चार शिव्या दिल्या आणि गेला. त्यानंतर मी हँडल उचलले.

ही हकिगत तू लहानपणापासून ऐकली आहेस. अशा माणसाच्या मुलाने टेबलाच्या खणातील दुसरी चावी काढून दशरथचे कुलूप उघडले आणि जबाबात लिहिले की दशरथने उघडले.

तुझ्या रजिस्टरात मी दशरथची सही पाहिली आहे. सगळ्यांत देखणी तीच होती. नावाखाली एक लांब रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. अशी सही करणाऱ्या माणसाच्या नावावर तू खोटे टाकलेस.

जबाब मागे घे.

बाबाजी धोंडू गोताड


सिल्व्हर पार्क
रविवार, दि. ४ जून २००६

सुभाष यास,

पत्राचे उत्तर पत्राने द्यावे, एवढी रीत तुला माहीत असावी. तू गुरुवारी नीलिमाला फोन केलास आणि माझ्यासाठी तिच्या तोंडून निरोप पाठविलास. मी फोनवर आलो नाही, ते बरोबरच केले. फोनवर बोललेल्या शब्दाखाली सही नसते.

निरोप देताना नीलिमा माझ्याकडे पाहत नव्हती. ती म्हणाली, "बाबा, ते म्हणाले, तुम्ही यात पडू नका. दशरथला दुसरीकडे लावून देतील ते."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही."

"नीलिमा, रजिस्टरात अर्धी ओळ लिहीत नाहीत."

तेव्हा ती म्हणाली, "ते म्हणाले, मी कोणासाठी खोटं बोललो ते बाबांना ठाऊक आहे."

मला काहीही ठाऊक नाही. तू तुझ्या परवान्यासाठी आणि तुझ्या मॅनेजरसाठी खोटे बोललास. त्या दिवशी दुपारभर भारनियमन होते. चार वाजता वीज येणार होती, आणि तीन ट्रक रिकामे उभे होते. मॅनेजरचा फोन तीन वेळा आला. "गोताड, चार म्हणजे चार." मी बाहेर बसून सगळे ऐकत होतो. माझे कान शाबूत आहेत.

मी त्या वेळी तुझ्याकडे पाहुणा होतो. पंधरा दिवस राहायला ये, असे तूच म्हणाला होतास. स्विचरूमच्या दारातला बाक तूच मला दिलास, आणि हाताखालच्यांना सांगितलेस, "आमचे बाबा आहेत, तेहतीस वर्षे हँडलवर होते. काही अडलं तर त्यांना विचारा." परक्या माणसाला तेथे बसविता येत नाही, हा नियम तुला माहीत होता. मलाही माहीत होता. मी बसलो, हे लिहून ठेवतो.

तू आता दशरथला "दुसरीकडे लावून" देणार. कोठे? ठपका असलेला माणूस दुसरीकडे लागतो का? दशरथची बाजू सांगायला दशरथखेरीज कोणी नाही, आणि दशरथ तर बेशुद्ध होता. त्याचे कुलूप कोणी काढले, हे त्याने पाहिलेले नाही. म्हणजे तुझ्या शब्दापुढे त्याचा शब्द टिकणार नाही, हे तुला नेमके कळलेले आहे. याला मी हुशारी म्हणत नाही.

घरातील इतर हकिगत ठीक. तुझ्या लेकीची, इशिताची, शाळा पुढच्या आठवड्यात सुरू होईल. समोरच्या फ्लॅटमधील हंसाबेन मात्र अलीकडे फार थट्टा करू लागल्या आहेत. परवा जिन्यात मी नीलिमा समजून त्यांना सांगितले की दूध उतू गेले आहे. तर मोठ्याने हसून म्हणाल्या, "काका, मैं हंसा. आपकी बहू तो मुझसे आधी साइज की है. आँख दिखाओ डॉक्टर को." जिन्यातला बल्ब गेलेला आहे आणि सोसायटीचे लोक तो बदलत नाहीत. त्यात माझ्या डोळ्यांचा काही संबंध नाही. नीलिमालाही मी तसे स्पष्ट सांगितले आहे. डॉक्टरकडे जाण्याचा विषय तिने पुन्हा काढू नये.

वरील ओळी खाली उतरल्या असतील तर तो कागदाचा दोष आहे. कागद विनारेघी आहे.

बाबाजी धोंडू गोताड


सिल्व्हर पार्क
सोमवार, दि. १२ जून २००६

सुभाष यास,

तुझे दोन पानी पत्र शनिवारी मिळाले. नीलिमाने वाचून दाखविले. मी ते तिला तीनदा वाचायला लावले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाबा, आता पुरे करा ना," पण मी पुरे केले नाही.

तू लिहितोस: "बाबा, तुमचे नाव जबाबात आले असते तर तुम्हाला या वयात चौकशीपुढे उभे केले असते. स्विचरूममध्ये परका माणूस कसा, हाही प्रश्न आला असता. तुम्ही जन्मभर जे नाव राखले ते माझ्यामुळे जाऊ नये, म्हणून मी हे केले. तुम्ही काय बोललात ते तुम्ही आणि मी सोडून कोणाला माहीत नाही. मी ते मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही."

तू स्वतःला समजतोस कोण?

माझे नाव राखण्याचा अधिकार तुला कोणी दिला? ते मी तेहतीस वर्षे राखले, तेव्हा तुझी मदत घेतली नव्हती. आणि राखलेस कसे, तर दुसऱ्याचे पुसून! दशरथच्या पाठीवर उभे करून तू मला उंच दाखवितोस, आणि वर माझ्याकडून गप्प बसण्याची अपेक्षा ठेवतोस, जणू मीच तुला तसे सांगितले होते.

मी तसे सांगितले नव्हते. मी काय सांगितले, ते आता लिहितो. हे लिहायला मला तीन दिवस लागले आहेत.

चार वाजून गेले होते. वीज आली होती. तू आतून विचारलेस, "बाबा, दशरथचं कुलूप अजून आहे. दशरथ दिसतोय का?" मी बाकावरून क्रशरकडे पाहिले. निळा शर्ट घातलेला, डोक्यावर पिवळे हेल्मेट आणि खांद्यावर टॉवेल असलेला एक माणूस फाटकाकडे चालला होता. मी म्हणालो, "गेला. आत्ताच फाटकाकडे गेला. मी पाहिला."

तू विचारलेस, "नक्की?"

मी म्हणालो, "मला विचारतोस?"

एवढेच बोलणे झाले. तू खण उघडलास, दुसरी चावी काढलीस, कुलूप काढलेस. चार वाजून दहा मिनिटांनी हँडल वर गेले.

फाटकाकडे गेलेला माणूस खाणीतलाच हरिश्चंद्र होता. दशरथ मोटारीच्या मागच्या बाजूला शेवटचा नट आवळत होता.

मला हरिश्चंद्र दिसला नव्हता. मला निळा शर्ट दिसला होता. गेली दोन वर्षे मला वीस पावलांपलीकडे माणसाचे तोंड दिसत नाही. मी कपड्यांवरून, चालीवरून आणि आवाजावरून माणसे ओळखतो. येथे राहून ते मला चांगले जमले आहे, त्यामुळे कोणाला कळले नव्हते. हंसाबेनला कळले. जिन्यातला बल्ब गेलेला नाही.

"मला नीट दिसत नाही, तू जाऊन पाहा," असे सात शब्द नव्हते का माझ्याकडे? होते. पण ते तुझ्या हाताखालच्या लोकांपर्यंत गेले असते. पंधरा दिवस त्यांनी मला हँडलवरचा मोठा माणूस म्हणून चहा आणून दिला होता. त्यांच्यापुढे मला आंधळा व्हायचे नव्हते. म्हणून मी "मला विचारतोस?" असे म्हणालो.

आता माझा राग नीट समजून घे. माझी चूक झाली म्हणून तुझी कमी होत नाही. बाकावरचा म्हातारा काय सांगतो, यावर स्विच लावायचा नसतो, मग तो म्हातारा तुझा बाप का असेना. सन १९७१ मध्ये सगळी खाण मला सांगत होती की माणूस गेला. मी कोणाचे ऐकले नाही. तू एका माणसाचे ऐकलेस. दुसरी चावी मॅनेजरची सही घेतल्याखेरीज आणि कुलूपवाल्याला स्वतः पाहिल्याखेरीज खणातून काढायची नाही, असा कागद तुझ्याच भिंतीवर चिकटविलेला आहे. इशिताच्या वयाच्या मुलालाही तो वाचता येईल. क्रशर तुझ्या दारापासून ऐंशी पावलांवर आहे. पंधरा दिवस मी ती पावले रोज मोजत असे. ऐंशी पावले चालला असतास, तर दशरथचा हात दशरथपाशी असता.

तू माझा मान राखण्यासाठी ती ऐंशी पावले चालला नाहीस, असेही तुझ्या पत्रात आहे. "तुम्ही पाहिले म्हटल्यावर मी पुन्हा पाहायला गेलो असतो तर तुमचा अपमान झाला असता." माझा अपमान व्हायला हवा होता! पर्यवेक्षकाने बापाचा अपमान करावा, देवाचा करावा, पण स्वतः जाऊन पाहावे. त्यासाठीच तुझ्या नावापुढे ते पद लावलेले आहे.

मी शुक्रवारी दशरथकडे जाणार आहे. नीलिमा बरोबर येईल. मी तिला येऊ नको म्हणालो होतो. ती म्हणाली, "बाबा, रिक्षाचा नंबर तरी कोण वाचणार?" तिलाही सगळे कळलेले आहे.

बाबाजी धोंडू गोताड


सिल्व्हर पार्क
रविवार, दि. १८ जून २००६

चि. सुभाष यास अनेक आशीर्वाद.

हे अक्षर माझे नाही. मी सांगत आहे आणि नीलिमा लिहून घेत आहे. एक शब्दही बदलायचा नाही, अशी अट मी तिला घातली आहे आणि तिने ती मान्य केली आहे. एवढ्यातच दोन वेळा तिने पेन खाली ठेवले. दोन्ही वेळा तिनेच ते पुन्हा उचलले.

परवा आम्ही इंद्रलोकला गेलो. दशरथ पलंगावर बसला होता. उजवी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली आहे. मला पाहताच तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या काका. नमस्कार एका हातानं करतो, रागवू नका." नंतर नीलिमाला म्हणाला, "वहिनी, माप दिलंय हाताचं. डॉक्टर बोलले, तुझ्या रंगाचा मिळेल का बघू. मी बोललो, गोरा असला तरी चालंल." मंदा त्याला म्हणाली, "पुरे झाला आचरटपणा." तिने चहा आणून माझ्यापुढे ठेवला.

मी बसलो नाही. उभ्यानेच सर्व सांगितले. जे तुला लिहिले तेच, त्याच शब्दांत. मी काय पाहिले, काय पाहिले नाही, काय बोललो. दुसरी चावी कोणी काढली. माझी मान खाली गेली नव्हती, ती मी मुद्दाम वर ठेवली होती. दशरथच्या तोंडावर काय होते ते मला सांगता येणार नाही. ते मला दिसत नव्हते.

मग दशरथ म्हणाला, "काका, हरिश्चंद्र माझ्यापेक्षा वीतभर उंच हाय."

मी म्हणालो, "होय."

"आनि तो डावीकडं झुकून चालतो."

"होय."

"मग तुम्हाला तो मी कसा वाटलो?"

मंदाने माझ्यापुढचा चहा उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला. तो आवाज मी ऐकला. मी त्या चहाला हात लावलेला नव्हता. तिने केले ते योग्य केले.

ती आतूनच म्हणाली, "तीन महिने मी ह्यांना विचारत होते, खरं सांगा, तुम्हीच विसरून काढलंत का कुलूप? रोज विचारत होते. हे बोलायचे, नाय ग, मला आठवत नाय, पन मी असं करनार नाय. आनि मी विश्वास ठेवला नाय. माझ्याच माणसावर."

सुभाष, हे वाक्य तू पुन्हा वाच. तुझ्या जबाबाने त्या घरात हे केले आहे. हात विजेने गेला, पण हे तू केलेस, आणि माझे नाव राखण्यासाठी केलेस.

दशरथने तुझ्याविषयी एकच विचारले. "साहेब येनार का सुनावणीला?" मी सांगितले की मला माहीत नाही. तो म्हणाला, "नाय आले तर त्यांचा कागद वाचतील. आले तर तोंडानं बोलावं लागंल. माझ्यासमोर बोलू दे म्हनावं." एवढे बोलून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आम्ही निघालो.

आज सकाळी मंदाचा भाऊ दशरथला येथे घेऊन आला आहे. मी त्याला बोलावले नव्हते. दशरथ म्हणाला, "काका लिहितात ते माझ्यासमोर लिहू दे. एकदा माझ्या मागं लिवलेलं हाय." तो आता माझ्यासमोर बसला आहे आणि प्रत्येक ओळ ऐकत आहे. मंदा आलेली नाही.

या पत्राची दुसरी प्रत नीलिमाने चौकशी अधिकाऱ्यांसाठी काढली आहे. दोन्ही प्रती उद्या सोमवारी भाईंदरच्या पोस्टातून रजिस्टर टपालाने निघतील. तुला ही प्रत बुधवारी मिळेल. सुनावणी शुक्रवारी आहे. मधला गुरुवार तुझा आहे. माझा कागद वाचला जाण्याआधी तू स्वतः उभा राहून सांगितलेस, तर माझा कागद फक्त दुजोरा राहील. नाही सांगितलेस, तर तो तुझ्याविरुद्धचा पुरावा होईल. दोन्ही वेळा मी दारात उभा असेन. नीलिमा मला घेऊन येणार आहे. तुझा परवाना जाईल, कदाचित नोकरी जाईल, हे घर कसे चालेल हे मला माहीत नाही. मी हे नीलिमाला विचारले. तिने लिहायचे थांबविले नाही, एवढेच तिचे उत्तर आहे.

इशिताला मी काही सांगितलेले नाही. ते तू सांगायचे आहेस.

आशीर्वाद वर लिहिला आहे, कारण आता माझ्या वाटणीचे मी माझ्या नावावर घेतले आहे. ते घेईपर्यंत मला तो लिहिता येत नव्हता.

सबब मी, बाबाजी धोंडू गोताड, असे लिहून देतो की: दि. १७ मार्च २००६ रोजी दुपारी चार वाजल्यानंतर क्रशरच्या स्विचवरील कुलूप दशरथ विठू रेवाळे याने काढले नाही. त्याची चावी त्याच्या खिशात होती आणि तो मोटारीपाशी कामावर होता. कुलूप पर्यवेक्षक सुभाष बाबाजी गोताड, माझा मुलगा, याने खणातील दुसऱ्या चावीने काढले व हँडल वर केले. त्यापूर्वी, मला स्पष्ट दिसत नसतानाही, मी दशरथ गेल्याचे खोट्या खात्रीने सांगितले. दशरथचा यात कोणताही दोष नाही. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहून देत नाही. मजकूर मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे. सही मी स्वतः केली आहे. ती कोठे करायची ती जागा सुनेने बोट धरून दाखविली.

(सही) बाबाजी धोंडू गोताड

समक्ष हजर असलेले साक्षीदार:

१. (सही) सौ. नीलिमा सुभाष गोताड, वय अडतीस, लेखनिक, माझी सून.

२. दशरथ विठू रेवाळे, वय एकेचाळीस, खाणीतील वायरमन, शिक्षण दहावी पास, सही करता येते. डाव्या हाताचा अंगठा.